हिरव्या खुणेवर किती विसंबायचं?

आजचा विषय यादीत वाचून काही जणांनी आम्हांला विचारलं, की सॉफ्टवेअरच्या टेस्टची समीक्षा करायची म्हणजे काय करायचं? टेस्ट एकतर पास होते, नाहीतर फेल. त्यात रसग्रहण कसलं?

प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं असं. कोड एकाच वेबसाइटचा असेल तर त्याची टेस्ट हा घरगुती मामला असतो. बिघडलं तर आपलंच बिघडतं आणि आपणच दुरुस्त करतो. पण ज्या लायब्ररीवर दहा, शंभर, लाखो ॲप्लिकेशनं उभी आहेत, तिची टेस्ट म्हणजे करारपत्र असतं. 'तुम्ही असं विचाराल, तर आम्ही असं उत्तर देऊ' हे त्यात लिहून दिलेलं असतं. आणि करारपत्र म्हटलं, की ते कोणी लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं आणि त्यात काय गाळलं, हे तपासावंच लागतं.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. जेक्वेरी. जॉन रेसिगनं ती २००६ मध्ये लोकांपुढे आणली. त्या काळात प्रत्येक ब्राउझरचा सूर वेगळा होता. इंटरनेट एक्स्प्लोरर एक म्हणायचा, फायरफॉक्स दुसरं. जेक्वेरीचं मुख्य वचन हेच होतं, की ब्राउझर कोणताही असो, तुम्ही एकदाच लिहा. हे वचन हातानं तपासत बसणं कोणाच्याही आवाक्यातलं नव्हतं. म्हणून रेसिगनं जेक्वेरीच्या पोटातच टेस्टचं एक साधन तयार केलं. २००८ मध्ये त्याला क्यूयुनिट हे नाव मिळालं, स्वतःची कागदपत्रं मिळाली आणि इतरांनाही ते वापरता येऊ लागलं. गंमत म्हणजे तेव्हा ते खुद्द जेक्वेरीवरच चालत असे. ज्याला तपासायचं त्याच्याच खांद्यावर तपासनीस बसलेला! २००९ मध्ये ते नव्यानं लिहून जेक्वेरीपासून सुटं केलं. हा निर्णय आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच घड्याळावर वेळ लावू नये.

दुसरं पाऊल होतं टेस्टस्वॉर्म, तेही २००९ च्या सुमाराचं. स्वयंसेवकानं आपल्या ब्राउझरमध्ये एक पान उघडून ठेवायचं. सर्व्हर त्याला टेस्ट पाठवणार, त्या तिथे चालणार आणि निकाल परत जाणार. म्हणजे लायब्ररी तपासायला लोकांचे खरे ब्राउझर घेतले. पुढे हे काम भाड्याच्या सेवांकडे गेलं. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेलं ब्राउझरस्टॅक त्यातलंच, आणि जेक्वेरीनं तेही वापरलं.

इथवर सगळं कौतुकाचं. आता खोट बघू.

२०११ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला जेक्वेरी १.६ आली. तिच्यात एक शुद्धीकरण होतं. चेकबॉक्सवर खूण आहे की नाही, हे विचारायला लोक वर्षानुवर्षं 'ॲट्र' ही मेथड वापरत होते. शास्त्र असं सांगतं, की एचटीएमएलमध्ये मुळात काय लिहिलंय ही एक गोष्ट आणि या क्षणी त्या चौकोनाची स्थिती काय ही दुसरी. म्हणून १.६ मध्ये दोन्हींची फारकत केली आणि स्थितीसाठी 'प्रॉप' ही नवी मेथड दिली. तर्क बिनचूक होता. पण बाहेरच्या जगात असंख्य फॉर्म जुन्याच समजुतीवर चालले होते. १२ मे रोजी १.६.१ काढावी लागली आणि अशा हो-नाही प्रकारच्या ॲट्रिब्यूटसाठी 'ॲट्र'ची वागणूक बरीचशी पूर्ववत करावी लागली.

यात टेस्ट कमी होत्या, असं आम्ही म्हणत नाही. जेक्वेरीइतक्या टेस्ट त्या काळी फार थोड्या लायब्ररींकडे असतील. अडचण अशी, की वागणूक बदलणाराच टेस्टही बदलतो. दोन्ही त्याच्याच हातात, त्यामुळे दोन्ही एकमेकांशी जुळतात आणि हिरवी खूण मिळते. ज्याच्या फॉर्मवरचा चौकोन उद्या खोटं बोलणार आहे, त्याची साक्ष त्यात कुठेच नसते.

गूगलमध्ये काम केलेले हायरम राईट यांच्या नावानं एक नियम ओळखला जातो. वापरणारे पुरेसे झाले, की कागदावर काय कबूल केलंय याला महत्त्व उरत नाही. जी जी वागणूक बाहेरून दिसते, तिच्यावर कोणीतरी विसंबलेलं असतंच. याचा पडताळा २०१८ च्या मार्चमध्ये आला. जावास्क्रिप्टच्या ॲरेला 'फ्लॅटन' नावाची मेथड द्यायची ठरली होती. फायरफॉक्सच्या नाइटली आवृत्तीत ती आली आणि मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर चालणारी एक साइट बिघडली. कारण मूटूल्सनं त्याच नावाची स्वतःची मेथड केव्हाच घालून ठेवली होती. शेवटी भाषेचं प्रमाणीकरण करणाऱ्या समितीनं माघार घेतली आणि मे महिन्यात 'फ्लॅट' हे नाव ठरलं. एका जुन्या लायब्ररीपायी अख्ख्या भाषेला आपला शब्द बदलावा लागला. त्या साइट सांभाळणारं आज कोणी असेल-नसेल, पण त्या वापरणारी माणसं आहेत. समितीनं त्यांची बाजू घेतली, हे आम्हांला योग्य वाटतं.

मग करारपत्र कोणाच्या शब्दांत लिहायचं? वापरणाऱ्याच्या. विकिमीडियाची जेक्वेरी-आयएमई ही लायब्ररी बघा. विकिपीडियावर भारतीय भाषांत टाइप करायला ती वापरतात, मराठीचे कीबोर्डही तिच्यात आहेत. तिच्या टेस्टची रचना अगदी साधी आहे: अमुक कळा दाबल्या, तर तमुक अक्षरं उमटली पाहिजेत. आतलं यंत्र कसंही चालो. अशी टेस्ट शाळेतल्या बाईसुद्धा वाचून 'हे चूक आहे' म्हणू शकतात. आणि त्यांनी म्हणायलाच हवं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत किती अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याकडे जेवणाची वर्दी द्यायची. पण हा फरक टेस्टमध्ये लिहिला नसेल, तर उद्या कोणी सद्हेतूनं नियम आटोपशीर करेल, सगळं हिरवं दिसेल आणि ऱ्य गायब झालेला असेल.

आता आपल्याकडच्या ऑफिसांकडे वळू. पाच टीम एक लायब्ररी वापरतात आणि कोणीतरी सांगतं, 'टेस्ट बसवा, कव्हरेज ऐंशी टक्के पाहिजे.' टक्के येतात. कव्हरेज सांगतं, की टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी चालल्या. त्यातून काय पारखलं गेलं, हे ते सांगत नाही. सर्व्हर खोटा, डेटाबेस खोटा, तारीखही खोटी. अशा मॉकच्या नेपथ्यात नाटक छान वठतं. पण प्रयोग लागतो तो दुसऱ्याच्या थिएटरात.

आमच्या मते सामायिक लायब्ररीची टेस्टव्यवस्था चार प्रश्नांवर पारखावी. एक, टेस्ट बाहेरच्या दारानं आत जाते, की खासगी फंक्शनांना चिमटे काढते? दोन, रिलीजच्या आधी वापरणाऱ्या ॲप्लिकेशनांच्या टेस्टही नव्या व्हर्जनवर चालवल्या जातात का? तीन, प्रत्येक बगची आधी फेल होणारी टेस्ट लिहिली जाते का, म्हणजे तक्रार करणाऱ्याचं म्हणणं दफ्तरी राहील? चार, आणि हा सगळ्यांत मोठा: जुनी टेस्ट बदलायची झाली, तर कोणाला विचारावं लागतं? नवी टेस्ट लिहिणं म्हणजे वचन देणं. जुनी बदलणं म्हणजे वचन मोडणं. मोडू नये असं नाही. जेक्वेरीनं २०१३ मध्ये १.९ काढताना बरंच जुनं सामान फेकलं, पण सोबत मायग्रेट नावाचं प्लगिन दिलं. ते जुनं चालू ठेवतं आणि कुठे काय बदलायचं याची सूचना कन्सोलवर देतं. वचन मोडायचं तर असं, आधी सांगून, हाताला आधार देऊन.

लायब्ररी लिहिणाऱ्याला आपले वापरणारे सहसा दिसत नाहीत. त्यांच्याशी बोलायची त्याच्याकडे एकच जागा आहे, ती म्हणजे टेस्टची फाइल. तिथे त्यांचे शब्द असतील, तर हिरव्या खुणेवर खुशाल विसंबावं. फक्त आपलेच शब्द असतील, तर ती खूण आपणच आपल्या पाठीवर दिलेली थाप समजावी.