‘मान्ना’ शब्दाचें निर्वचन : एक दुरुस्ती

गेल्या मार्गशीर्षांत सांगलीच्या एका पोथीसंग्राहक मित्रांनीं एक बाड आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलें. त्यांत वैद्यकाचीं कांहीं टिपणें व एक सुटें पान होतें. पानावर बायबलांतील ‘मान्ना’ या शब्दाची ‘मा + अन्न = मान्न, जें नेहमींचें अन्न नव्हे तें’ अशी फोड करून शेवटीं ‘इति वृद्धाः’ असें लिहिलें होतें. मिशनरी मंडळींशीं वाद करणाऱ्या एखाद्या जुन्या शास्त्र्याचें हें मत असावें, व तसें असल्यास पान प्रसिद्ध करावें, असा मित्रांचा विचार होता.

पान पाहून आम्ही खजील झालों. अक्षर आमचें नव्हे. परंतु खालीं दिलेलीं संधीचीं उदाहरणें व त्यांचा क्रम आमचा आहे. सातारच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां सवर्णदीर्घ संधि मुलांच्या ध्यानांत राहावा म्हणून ही फोड आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिली. कोणा विद्यार्थ्यानें ती उतरून घेतली असावी, आणि तें पान फिरत फिरत जुन्या कागदांत जाऊन पडलें असावें. त्यांतील ‘वृद्ध’ म्हणजे आम्हीच. यास्तव या मताचें परीक्षण करण्याचें काम दुसऱ्या कोणावर न टाकतां आम्हीच करीत आहों.

प्रथम व्याकरण. संस्कृतांत ‘मा’ हें निषेधार्थक अव्यय क्रियापदाशीं अन्वित होतें. नामाचा निषेध करणें झाल्यास नञ् येतो. ‘अन्न नव्हे तें’ या अर्थीं ‘अनन्न’ असा समास होईल, ‘मान्न’ होणार नाहीं. इतकी गोष्ट संस्कृत शिक्षकाच्या ध्यानांत यावयास पाहिजे होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या ‘न्न’वर आमची सारी इमारत उभी, तो मूळ शब्दांत नाहींच. हिब्रू ग्रंथांत शब्द आहे तो ‘मान’. अक्षरें दोनच, मेम आणि नून. नकाराचें द्वित्व व शेवटचा आकार असलेलें ‘मन्ना’ हें रूप ग्रीकांतून युरोपीय भाषांत गेलें, आणि मराठी भाषांतरांत ‘मान्ना’ झालें. म्हणजे वाटेंत चिकटलेलीं अक्षरें मूळचीं समजून आम्ही त्यांत अन्न शोधीत बसलों. नकलाकाराची भर मूळ संहिता मानूं नये, हें पोथ्या तपासणारा प्रत्येकजण जाणतो. तोच नियम आम्हीं एका शब्दाच्या बाबतींत मोडला.

मग त्या ग्रंथांत व्युत्पत्ति कोणती दिली आहे? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत कथा अशी आहे. रानांत भुकेनें व्याकुळ झालेल्या इस्राएल लोकांना सकाळीं दंव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक, हिमकणांसारखें कांहीं तरी पसरलेलें दिसलें. तें काय हें न कळल्यामुळें ‘मान हू?’, म्हणजे ‘हें काय?’, असें ते एकमेकांस विचारूं लागले, आणि तेंच त्या पदार्थाचें नांव पडलें. हिब्रूंत ‘काय’ या अर्थीं रूढ शब्द ‘मा’ आहे. ‘मान’ हें रूप अरामी भाषेंत ‘कोण’ या अर्थीं येतें. त्यामुळें हीही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या काट्यावर पुरती उतरत नाहीं. परंतु ती आमच्या फोडीसारखी नव्हे. ब्राह्मणग्रंथांतून व यास्काच्या निरुक्तांत जशीं निर्वचनें येतात, तशा जातीची ती आहे. शब्दाचा इतिहास ती सांगत नसेल. शब्द वापरणाऱ्यांना त्यांत काय ऐकूं येत होतें, हें मात्र खात्रीनें सांगते. आमच्या फोडीला हाही आधार नाहीं, कारण मान्ना खाणाऱ्यांपैकीं कोणाच्याही कानांना संस्कृत ठाऊक नव्हतें.

आणि विचारावयाचें झालें तर मराठी मुलुखांत विचारण्याजोगे लोक होते. कुलाब्याकडील बेने इस्राएल समाज घरांत मराठी बोले व प्रार्थनेंत हिब्रू म्हणे. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाची हगादा मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास छापली गेली, आणि तिच्यांतील उपकारांच्या मालिकेंत मान्नाचाही उपकार मोजला आहे. पंडिता रमाबाईंचें संस्कृत आमच्यासारख्यांच्या कितीतरी पुढचें. तरी बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतांना त्यांनीं संस्कृतावर भागविलें नाहीं, हिब्रू व ग्रीक शिकून घेतल्या. तें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं पुरें छापून निघालें.

आतां वस्तूकडे वळूं. ग्रंथांतच दोन वर्णनें आहेत. निर्गमांत ती धन्यासारखी, पांढरी, मधाच्या पोळीच्या चवीची, उन्हानें विरघळणारी. गणनेच्या अकराव्या अध्यायांत ती गुग्गुळाच्या जातीच्या डिंकाच्या वर्णाची. लोक ती जात्यांत दळीत, उखळांत कुटीत व भांड्यांत शिजवीत, आणि चव तेलांतल्या पक्वान्नासारखी. उन्हानें वितळणारी वस्तु दळावी कशी, हा प्रश्न उरतो. दोन पाठ बळेंच एक करण्यापेक्षां दोन आहेत असें नमूद करून ठेवणें बरें.

सिनाईच्या रानांत झाऊच्या झाडांवर एक गोड पदार्थ सांपडतो, व तेथील अरब त्याला ‘मन्न’च म्हणतात. १९२७ सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे बोडनहायमर यांनीं तेथें जाऊन शोध केला. झाऊचा रस शोषणारे बारीक कीटक जास्त झालेली साखर थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतात. रानाच्या कोरड्या हवेंत थेंब सुकून कण बनतात. ऊन तापलें कीं मुंग्या ते उचलून नेतात, व पाहणाऱ्याला ते विरघळले असें वाटतें. हा हंगाम कांहीं आठवड्यांचा व माल थोडा.

हें आम्ही वर्गांत सांगत असतां तासगांवकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें उठून म्हटलें, “गुरुजी, हा तर आमच्या शाळूवरचा चिकटा.” मुलाचें म्हणणें बरोबर होतें. आभाळ धरलें कीं ज्वारीच्या पानांवर गोड, चकचकीत लेप दिसतो, मुंग्या लागतात, आणि शेतकरी ‘चिकटा पडला’ असें म्हणतो. तो आभाळांतून पडत नाहीं. पानाखालच्या माव्याचें तें काम. पण क्रियापद ‘पडणें’ हेंच. आमच्याकडे तो पिकाचा रोग, कोणी खात नाहीं. तिकडे तो आकाशाची भाकर ठरला.

अशा वस्तु आपल्याकडे अगदीं अपरिचित नाहींत. १९०० च्या मार्चांत, मोठ्या दुष्काळांत, चांदा जिल्ह्यांतील वेळूंच्या कांडांवर गोड डिंक आला व आसपासच्या लोकांनीं तो खाल्ला. डेव्हिड हूपर यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. इंग्रजी पुस्तकांतून वंशलोचनालाही ‘वेळूचा मान्ना’ म्हटलेलें आढळतें, तें मात्र सोडून द्यावें. वंशलोचन ही वेळूच्या पोटांत सांपडणारी, बहुतांशीं वाळूच्या द्रव्याची वस्तु. ती गोडही नाहीं व विरघळतही नाहीं.

येथें बाडांतील वैद्यकाच्या टिपणांकडे येतों. मित्रांनीं तीं बाजूस ठेविलीं होतीं. आमच्या मतें मोल त्यांचेंच आहे. एका पाठांत ‘तुरंजबीन’ हें फारसी नांव व त्याच्या शेजारीं ‘यवासशर्करा’ असें लिहिलें आहे. तुरंजबीन म्हणजे इराणाकडे जवाशाच्या झुडपावर जमणारी व फांद्या झाडून गोळा केली जाणारी साखर, मान्नाच्याच वर्गांतली. यवासशर्करा चरक-सुश्रुतांत आहे. पण टीकापरंपरेंत तिचा अर्थ यवासाच्या काढ्याची साखर असा केलेला आढळतो. टिपणकर्त्या वैद्यानें दोहोंस एक मानलें. तें बरोबर कीं चूक हा पुढचा प्रश्न. परंतु इकडच्या एका वैद्यानें फारसी औषध संस्कृत नांवाखालीं आणलें, हा पुरावा खरा आहे. आमच्या संधीच्या पानांत असा कांहींही पुरावा नाहीं.

शब्द, वस्तु आणि कथा हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. कीटकाचा शोध लागला म्हणून कथेचा उलगडा होत नाहीं. कथेंत माणशीं एक ओमर माप ठरलेलें आहे. ज्यानें फार वेंचलें त्याचें उरलें नाहीं, ज्यानें थोडें वेंचलें त्याला कमी पडलें नाहीं. सांठवून ठेवलें तें सकाळीं किडलें. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट मिळालें व तें टिकलें. चाळीस वर्षांनीं कनान देशाचें धान्य खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीं तें बंद झालें. यांतलें कांहीं झाऊवरच्या थेंबांत सांपडावयाचें नाहीं. हा भाग विधीचा व श्रद्धेचा आहे. त्याचा विचार त्याच्या जागीं व्हावा. ‘तुमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हतें असें अन्न’ या भावानें अनुवादांतही तें वर्णिलें आहे. आपल्याला न कळलेल्या वस्तूचें नांव त्या लोकांनीं ‘हें काय?’ असेंच राहूं दिलें. आम्हीं मात्र एका संधीच्या सूत्रानें त्या प्रश्नाचें उत्तर देऊन टाकलें.

तें पान फाडून टाकावें असें प्रथम मनांत आलें होतें. परंतु संग्रहांतील कागद नष्ट करणें हा त्याहून मोठा अपराध होय. तें बाडांतच ठेवावें, व त्याला ही दुरुस्ती जोडून ‘वृद्धाः’ या शब्दापुढें सातारच्या शाळामास्तराचा निर्देश करावा, अशी मित्रांस विनंती केली आहे. आमच्या वर्गांतील अशीं आणखी पानें कोणाच्या बाडांत सांपडल्यास तींही ‘जुनें मत’ म्हणून छापूं नयेत, आम्हांस कळवावीं.