‘निर्वासित’ कोण? पुनर्वसन-धोरणातील व्याख्यांची चिकित्सा

फाळणीनंतरच्या पुनर्वसनाविषयीच्या मराठी लेखनात ‘निर्वासित’, ‘विस्थापित’ आणि ‘शरणार्थी’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी निःशंकपणे योजलेले आढळतात. लेखनशैलीच्या दृष्टीने हा दोष किरकोळ ठरेल. अभ्यासाच्या दृष्टीने तो तसा नव्हे. पुनर्वसनाचे शासकीय धोरण जेव्हा जेव्हा बदलले, तेव्हा तेव्हा तो बदल प्रथम अशा नामांच्या व्याख्येत झाला आणि मागाहून माणसांच्या संसारात उतरला.

या शब्दांची घडणच भिन्न आहे. ‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ ही कर्मणी रूपे होत. कोणीतरी घालवले वा हलवले, असा त्यांचा ध्वनी आहे. ‘शरणार्थी’ हा मात्र काही मागणारा. त्याच्या मागणीला होकार देणारा दुसरा कोणी असावा लागतो. बंगालीतील ‘उद्वास्तु’ आणि ‘वास्तुहारा’ या शब्दांत तर गमावलेली वास्तूच केंद्रस्थानी आहे. पहिल्या दोहोंत अन्यायाचा, तिसऱ्यात याचनेचा, तर बंगाली शब्दांत घराचा उल्लेख आहे. कायद्याने यांपैकी कोणता अर्थ उचलला, हा खरा प्रश्न होय.

१९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियमातील व्याख्या या दृष्टीने उद्बोधक आहे. फाळणीमुळे, दंगलींमुळे किंवा दंगलींच्या भीतीमुळे १ मार्च १९४७ नंतर घर सोडून जी व्यक्ती भारतात राहावयास आली, ती ‘विस्थापित’. व्याख्या उदार वाटते. तथापि ते घर पश्चिम पाकिस्तानात असले पाहिजे, ही अट तिच्यातच आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलेला आणि १९४९ पासून उल्हासनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत स्थिरावलेला सिंधी समाज या व्याख्येत बसला; सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेवर दावा सांगण्याचा मार्ग त्याला मोकळा झाला. पूर्व बंगालमधून आलेला माणूस लोकांच्या बोलण्यात तितकाच निर्वासित होता. या अधिनियमापुरता मात्र तो विस्थापित नव्हता.

या भेदामागे तर्कच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल १९५० च्या नेहरू–लियाकत कराराने पूर्वेकडील स्थलांतरितांचा मालमत्तेवरील हक्क मान्य केला होता आणि ते परततील ही अपेक्षा त्यात गृहीत होती. ज्याचा हक्क शाबूत आहे त्याला भरपाई कशाची, असा हा युक्तिवाद. परंतु लोक परतण्याऐवजी येतच राहिले, तरी गृहीतक बदलले नाही. कागदावर शाबूत राहिलेला हक्कच प्रत्यक्षातील मदतीच्या आड आला.

पुढे व्याख्येची जागा तारखेने घेतली. ऑक्टोबर १९४६ ते ३१ मार्च १९५८ या काळात आलेले ‘जुने स्थलांतरित’. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळातील ‘नवे’. नव्यांना पुनर्वसनाची मदत मिळावयाची ती पश्चिम बंगालबाहेर जाण्याच्या अटीवर. मधल्या सुमारे पावणेसहा वर्षांत आलेल्यांना पुनर्वसनाच्या मदतीचा अधिकारच नव्हता. याच शासकीय परिभाषेत कर्त्या पुरुषाचा आधार नसलेल्या स्त्रिया, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी ‘कायमचे दायित्व’ असा वर्ग होता. हिशेबवहीतील शब्द माणसाला लावला की त्याच्याकडून काही घडेल ही अपेक्षाच मावळते.

१९५८ मध्ये आरंभलेल्या दंडकारण्य प्रकल्पाने कोरापुट आणि बस्तर या भागांत बंगाली कुटुंबे वसविण्याचे ठरविले. या प्रकल्पाच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद भूषविलेले शैवालकुमार गुप्त यांनीच १९६५ मध्ये त्याच्या उणिवा लेखांतून मांडल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. भातशेतीच्या, नदीनाल्यांच्या मुलखातील शेतकरी तेथील कोरड्या जमिनीवरून निघून जाऊ लागला, तेव्हा शासकीय कागदांत त्यास ‘पळून गेलेला’ म्हटले गेले. सैन्य सोडून जाणाऱ्या शिपायासाठीचा हा शब्द. ज्याला निवडीचा अधिकारच नव्हता, त्याच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका या एका शब्दाने ठेवला. १९७८ मध्ये यांपैकी हजारो लोक सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर गेले. १९७९ मध्ये प्रथम नाकेबंदी आणि मग बळाने त्यांना तेथून हटविण्यात आले. मृतांच्या संख्येविषयी आजही वाद आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा नाही. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा, चामोर्शी या परिसरांत, पूर्व बंगालमधील कुटुंबे वसविली गेली. त्यांत नमःशूद्र समाजाचे लोक पुष्कळ आहेत. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या सूचीत त्याचे नाव नाही. शासनाने माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेला, परंतु त्याच्या नावाशी निगडित असलेला हक्क मागेच राहिला.

अलीकडच्या कायद्यांतही हीच प्रक्रिया दिसते. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात ‘बेकायदा स्थलांतरित’ ही संज्ञा आली. २०१९ च्या दुरुस्तीने तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मसमुदायांच्या लोकांना तीतून वगळले. सार्वजनिक चर्चेत त्यांना ‘शरणार्थी’ म्हटले जाते. कायद्याची भाषा मात्र ते बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाहीत, एवढेच सांगते. ते कोण नाहीत हे त्यातून कळते. कोण आहेत, हे अनुक्तच राहते.

व्याख्या बदलल्याने भाकरी मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. जमीन, पाणी आणि पैसा यांची उणीव शब्दांनी भरून निघत नाही. तथापि त्या जमिनीच्या रांगेत कोणी उभे राहावयाचे, हे व्याख्येनेच ठरविले आहे. म्हणून पुनर्वसनावरील प्रबंधात ‘निर्वासित’ हा शब्द योजताना तो लोकांच्या बोलीतील आहे की कोणत्या वर्षीच्या कोणत्या कायद्यातील, हे सांगणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. ते टाळले की मधल्या पावणेसहा वर्षांत आलेली माणसे, जशी शासनाच्या यादीतून सुटली तशीच, इतिहासाच्या पानांतूनही सुटतात.