एका केसाचा आलेख

वैद्यकीय नियतकालिकातले आलेख चवीनं वाचायची आपल्याला सवय नाही. पण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या जून १९९८च्या अंकातला एक आलेख तसा वाचण्यासारखा आहे. त्याचा नायक आहे एक लांब केस.

केस होता कॅरन वेटरहान यांचा. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या या रसायनशास्त्रज्ञ. धातू शरीराचा घात कसा करतात, हाच त्यांचा अभ्यास. ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर सांडले. असा मोजा पार करायला या द्रवाला काही सेकंद पुरतात, हे नंतरच्या चाचण्यांत कळलं. जानेवारीत तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली. रक्तात लिटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. २००च्या पुढे विषबाधा धरतात. जून १९९७मध्ये त्या गेल्या. वय ४८.

पारा किती, ते रक्तानं सांगितलं. तो एका दिवशी शिरला की रोज थोडा थोडा, हे सांगणं रक्ताच्या आवाक्यातलं नव्हतं. केसाच्या केराटिनात गंधक असतं आणि पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. मुळाशी केस घडताना रक्तातला पारा त्यात बसला की बसला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टोकाकडून मुळाकडे मोजत यावं, तारखा लागत जातात.

आलेखात आधी सपाट रेघ, थोडा विलंब, मग एकदम चढण. मिलिग्रॅममागे जवळपास ११०० नॅनोग्रॅम! एरवी हा आकडा ०.२६च्याही खाली असतो. नजर शिखरावर खिळते, पण माझ्या मते खरी करामत उतारात आहे. दर ७४.६ दिवसांनी पारा निम्मा, असा संथ, सलग उतार. विष महिनोन् महिने मिळत राहिलं असतं तर रेघ अशी उतरलीच नसती. आणि शिखर येऊन गेलं तेव्हा बाईंचा तोल, वाणी, सगळं शाबूत होतं.

पाकिटातून बटभर केस मागवून डझनभर धातूंचा तक्ता पाठवणाऱ्या प्रयोगशाळांकडे ही नजाकत नाही. २००१मध्ये ‘जामा’त आलेल्या अभ्यासात एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांना दिले होते, काही खनिजांच्या आकड्यांत दहापटींहून जास्त तफावत आली. सुटा आकडा म्हणजे कथानकावाचून एक शब्द.

‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या त्या लेखाच्या लेखकांचा संयमही दाद देण्याजोगा. संपर्क एकदा आला असेल किंवा काही मोजक्या वेळा, एवढंच ते केसाच्या आधारे म्हणतात. लागोपाठच्या दोन घटना केसात एकमेकींत मिसळून जाऊ शकतात. ‘एकदाच’ हा शब्द त्यांनी घेतला तो वेटरहान यांच्या प्रयोगवहीतून, आणि केसाचा आलेख त्या नोंदीशी जुळतो, इतकं म्हणून ते थांबले.