‘अ‍ॅडव्हेंचर’ खेळातील भाषा : गुण आणि दोष

विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास रचलेला व डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये विस्तारलेला ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हा संगणक-खेळ चित्रविरहित आहे. खेळणाऱ्याने आज्ञा टंकित करावी, यंत्राने गद्यात उत्तर द्यावे, एवढेच त्याचे स्वरूप. म्हणून त्याचे परीक्षण भाषेच्या अंगाने करणेच उचित होय.

वर्णनांतील प्रत्यक्षता हा त्याचा पहिला गुण. क्राउदर स्वतः गुहांचे अभ्यासक होते. केंटकीतील मॅमथ केव्ह या गुहासमूहाचा अनुभव त्या वर्णनांमागे आहे.

दोष व्याकरणाचा आहे. आज्ञा क्रियापद व नाम अशा दोन शब्दांतच बसवावी लागते; शिवाय प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे वाचली जातात. परिणामी इंग्रजीतील ‘नॉर्थ’ व ‘नॉर्थईस्ट’ यांतील भेद लोपतो आणि ईशान्येस जाण्यासाठी संक्षेपाचाच आश्रय करावा लागतो. अर्थभेद आहे, पण तो व्यक्त करणारे रूप उरत नाही.

तथापि याच दारिद्र्यातून एक मार्मिक प्रसंग निर्माण झाला आहे. ड्रॅगनला मारण्याची आज्ञा देताच, नुसत्या हातांनी की काय, असे यंत्र विचारते. खेळणारा तो निव्वळ उपरोध समजून दुसरे शस्त्र शोधू लागतो. वस्तुतः ‘होय’ म्हणणाऱ्यासच यश लाभते! प्रश्नाचे रूप आणि त्याचे प्रयोजन यांतील अंतर येथे कोड्याचा विषय झाले आहे.

सारांश, शब्दसंग्रहाच्या तोकडेपणावरून या कृतीस हीन ठरविणे युक्त नव्हे; मात्र अक्षरलोपाचा दोष या गुणाने झाकला जात नाही, हेही मान्य केले पाहिजे.