सागरी संशोधनातला सहयोग: माहिती देणारा आणि जाणणारा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचं समुद्राशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्हाला मासे खाता येतात, धरता येत नाहीत. पण किनाऱ्याच्या शाश्वत अर्थव्यवस्थेवरचा कुठलाही अहवाल उघडा, ‘सहयोगी संशोधन’ हा शब्द पहिल्या दोन-चार पानांतच भेटतो. शास्त्रज्ञ, शासन आणि मच्छीमार यांनी मिळून ज्ञान निर्माण करायचं, अशी ती कल्पना. आता ज्ञान म्हणजे काय आणि ते कोणाच्या सांगण्यावरून मानायचं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. तेवढ्या बाजूनंच आम्ही बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावी अशाच एका प्रकल्पाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. पुढच्या रांगेत अधिकारी आणि अभ्यासक, मागे तांडेल आणि मासे विकणाऱ्या बायका. पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत. शेवटची दहा मिनिटं ‘स्थानिकांचे मनोगत’. एक वयस्कर तांडेल उठले आणि म्हणाले, बांगडा पूर्वी ज्या महिन्यात लागायचा त्या महिन्यात आता लागत नाही, आणि जवळही येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, उपस्थितीच्या कागदावर सह्या झाल्या, चहा झाला. पुढे छापील अहवाल हाती आला. त्यात बांगड्याचा हंगाम सरकल्याचं विधान दोनदा होतं. एकदा ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली अभ्यासकांच्या नावानं, आणि एकदा ‘स्थानिकांची धारणा’ या मथळ्याखाली, कोणाच्याच नावानं नाही. गोष्ट एकच! एकानं सांगितली तर निष्कर्ष, दुसऱ्यानं सांगितली तर धारणा. आमची तक्रार इथून सुरू होते.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे बरं का. न्यायसूत्रांवरचे भाष्यकार वात्स्यायन (कामसूत्रवाले नव्हेत, ते वेगळे) आप्ताची लक्षणं देतात. त्यानं ती वस्तू साक्षात जाणलेली असली पाहिजे, आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची इच्छा त्याला असली पाहिजे. पुढे ते असंही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. जातपात आणि उच्चनीच मानणाऱ्या समाजात बसून त्यांनी हे लिहिलं आहे. आम्ही वर्गात हा भाग शिकवताना दरवेळी इथे थोडे थांबत असू. पदवीनं किंवा कुळानं कोणी आप्त ठरत नाही, जाणण्यानं आणि प्रामाणिक सांगण्यानं ठरतो. या कसोटीला चाळीस वर्षं डोल लावणारा माणूस उतरतो की नाही? उधाणाला प्रवाह किती ओढतो, भांगाला जाळं का रिकामं येतं, हे त्यानं साक्षात जाणलेलं असतं.

हे न ऐकल्याचा परिणाम काय होतो, त्याचं मोठं उदाहरण कॅनडातलं आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशावर शतकानुशतकं लोक जगत होते. १९८०च्या दशकात किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे सांगू लागले की मासा कमी झालाय आणि लहान मिळतोय. सरकारी अंदाज मात्र बऱ्याच अंशी खोल समुद्रातल्या ट्रॉलरना किती मासा मिळतो यावर बेतलेले होते, आणि ट्रॉलरना तर भरपूर मिळत होता. कारण असं की मासा संपत चालला की उरलेला दाटीवाटीनं एकत्र येतो, आणि ट्रॉलरकडे ती दाटी शोधणारी यंत्रं असतात. म्हणजे जाळं भरलेलं आणि समुद्र रिकामा. २ जुलै १९९२ रोजी सरकारनं बंदी जाहीर केली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं. तिथल्या शास्त्रज्ञांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्याकडे अनुमान होतं, शब्दप्रमाण त्यांनी फार उशिरा हिशेबात घेतलं.

आता कोणी म्हणेल, मग मच्छीमार सांगतो ते सगळं खरं धरायचं का? नाही. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ साली दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढा मासा पाहिला तेवढाच ‘मूळचा’ समजते. आजोबांचा समुद्र नातवाला माहीतच नसतो, त्यामुळे ऱ्हास निम्माच दिसतो. शिवाय मच्छीमार काही एका सुरात बोलत नाहीत. पर्ससीनवाले आणि पारंपरिक जाळीवाले यांचा आपल्याकडचा वाद तुम्हाला ठाऊक आहेच. पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाला, तरी तो वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना मच्छीमारच आहेत, आणि दोघांनीही समुद्र पाहिलेला आहे. तेव्हा पहिल्या लक्षणानं काम भागत नाही. दुसरं लक्षण, जसं पाहिलं तसं सांगण्याची इच्छा, तेच कळीचं ठरतं.

आणि ही इच्छा हवेतून येत नाही, हे आमचे प्रकल्पवाले विसरतात. चांगली मासळी कुठे लागली हे कोणताही तांडेल दुसऱ्या बोटीला सहज सांगत नाही. ती त्याची पुंजी आहे. तुम्ही त्याच्यासमोर नकाशा पसरता आणि म्हणता, जागा दाखवा. दाखवली, तर उद्या तिथे जीपीएस आणि मोठं इंजिन घेऊन कोण पोचणार? हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी सापडण्याच्या संभाव्य जागांची सूचना मिळते. उपग्रहानं टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून ती काढतात. उत्तम शास्त्र आहे, आम्हाला त्याचं कौतुकच आहे. पण सूचना सगळ्यांना एकाच वेळी मिळाली तरी तिथे आधी पोचतो तो वेगवान बोटवाला. मग ज्याचं ज्ञान घेतलं त्यालाच त्याचा तोटा, असं झालं तर तो पुढच्या वेळी खरं सांगेल का? आम्ही त्याच्या जागी असतो तर सांगितलं नसतं.

याच्या उलट एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो जिवंत सोडला, तर नुकसानभरपाई म्हणून पंचवीस हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. पुरावा म्हणून सोडतानाचं छायाचित्र द्यायचं. साधी गोष्ट आहे, पण तिनं काय केलं बघा. एरवी जो प्राणी अडकल्याचं मच्छीमार भीतीपोटी लपवतो, त्याची नोंद तो स्वतः करू लागला. कुठे, कधी, कोणता प्राणी, हे त्या छायाचित्रांतून जमा होतं. खरं सांगण्यात त्याचा तोटा उरला नाही, म्हणून तो आप्त झाला. वात्स्यायनांना ही योजना आवडली असती, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

तरीही इथे एक उणीव राहतेच. प्रश्न कोणता विचारायचा, हे तिथेही मच्छीमारानं ठरवलेलं नाही. सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटर चौकोनी आस बसवण्याचा प्रयोग झाला. नेहमीचा तिरका आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. कल्पना फारच चांगली. पण निसटलेल्या पिल्लांबरोबर काही दिवस विक्रीची बारीक मासळीही कमी होणार, ती तूट मालकाच्या खिशातून जाणार की खलाशाच्या वाट्यातून, हा प्रश्न खलाशानं विचारला असता. अभ्यासकाला तो सुचत नाही, कारण त्याचा पगार वाट्यावर नसतो.

तसंच पावसाळी बंदीचं. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे एकसष्ट दिवस. कोकणी माणूस समुद्राला नारळ देतो तो नारळी पौर्णिमेला. ती २०२० साली ३ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक महिन्यामुळे ३० ऑगस्टला. दोन तारखांत जवळजवळ महिन्याचा फरक! पंचांग बरोबर की सरकारी तारीख, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत पाळल्यानं कोणत्या माशाच्या पिल्लांना किती मोकळीक मिळते, हा मोजून पाहण्यासारखा प्रश्न आहे. तो किनाऱ्यावरच्या रीतीतूनच उठतो. अशा प्रश्नाला निधी मागणारा प्रस्ताव आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही.

आमच्या मनात या सगळ्याला रापणीचा नमुना आहे. रापण ओढताना दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे, आणि कधी वाटेनं जाताना हात लावणाऱ्यालाही ओंजळभर मासळी. वाटपाची रीत आधी ठरलेली असते, मासळी किनाऱ्याला लागल्यावर ठरवत नाहीत. संशोधनातही करार आधी व्हावा: प्रश्न कोण ठरवणार, नोंदवही कोणाकडे राहणार, अहवालावर नावं कोणाची, आणि अहवाल छापण्यापूर्वी तो मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर, त्यांच्या बोलीत वाचून दाखवला जाईल का. वाचताना कोणी म्हणालं, हे आम्ही असं बोललो नव्हतो, तर ते वाक्य बदलणार का?

या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे अभ्यासक आम्हाला थोडे भेटले आहेत, आणि त्यातले एक-दोन आज इथे बसलेही आहेत. पुढचा वेळ आम्ही त्यांना आणि तुमच्या प्रश्नांना देतो. माइक मागे द्या, मागच्या रांगेपासून सुरुवात करू.