घाशीरामानंतरचा अंक

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने बोरगावात 'घाशीराम कोतवाल'चे वाचन ठेवले होते. प्रयोग करण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत, गाणारी तर नाहीतच. तेव्हा खुर्च्या मांडून, भूमिका वाटून आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीताची उणीव एका जुन्या पेटीवर भागवून आम्ही नाटक वाचले. घाशीरामाची भूमिका एका तरुणाकडे गेली. त्याचे वडील नोकरीनिमित्त उत्तर प्रदेशातून इकडे आले. तो स्वतः सौंसरच्या शाळेत शिकला आणि मराठी आमच्याच वळणाची बोलतो. मात्र वाचताना त्याचा 'ळ' मधूनच 'ल' होतो. रमण्यात घाशीरामावर चोरीचा आळ येतो, पुणेकर त्याला परका म्हणून बडवतात, नेमक्या त्या प्रवेशात असा एक 'ल' निसटला आणि सभागृहात सातआठ जण हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. तरुणाने पान उलटले आणि तो पुढे वाचू लागला.

प्रस्तुत लेख त्या हसण्यामुळे लिहावा लागला आहे.

विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. जब्बार पटेलांनी ते बसविले होते. पुढे वाद उसळला, मूळ संस्थेने प्रयोग थांबविले आणि १९७३ साली थिएटर अकॅडमीची स्थापना होऊन नाटक पुन्हा उभे राहिले. नाना फडणविसांची बदनामी आणि ब्राह्मणांची निंदा हे दोन आक्षेप त्या काळी मोठ्या आवाजात घेतले गेले. त्या वादाची धूळ खाली बसल्यावर समीक्षकांचे लक्ष अधिक मोलाच्या गोष्टीकडे गेले. हे नाटक नानांविषयी नसून, राज्यकर्ता आपल्या सोयीसाठी एक उग्र माणूस कसा घडवितो, त्याच्या नावावर आपली पापे कशी जमा करतो आणि काम संपताच त्याला कसा जमावापुढे टाकतो, याविषयी आहे, असे मत पुढे बहुमान्य झाले. १९७२ सालच्या प्रेक्षकाला त्यात मुंबई दिसली, हेही तेव्हापासून सांगितले जाते.

मुंबई दिसण्याचे कारण उघड होते. १९६० साली बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' साप्ताहिक सुरू केले. त्यात मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. कम्युनिस्टांच्या हातून गिरणगाव सुटावे, अशी इच्छा असणाऱ्या सत्ताधाऱ्यांना ही संघटना नकोशी नव्हती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून तिला 'वसंतसेना' म्हणण्याची रीत त्याच काळात पडली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या प्रकरणी शिवसैनिकांना शिक्षा झाल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. म्हणजे नाना मंत्रालयात आणि घाशीराम शिवाजी पार्कावर, असा सरळ अर्थ लावता येत होता आणि पुष्कळांनी तो लावला.

आमचा मतभेद येथून सुरू होतो. हा अर्थ पहिल्या पाचसात वर्षांपुरता खरा आहे. पुढे इतिहासाने नाटकाची साथ सोडली. तेंडुलकरांचा घाशीराम एकटा आहे. त्याच्यापाशी देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याची मुलगी ललितागौरी. तिला तो नानांच्या वाड्यात पाठवितो आणि कोतवाली मिळवितो. मुलगी मरते, कोतवाली जाते, आणि परगावचे ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेल्याचे निमित्त होऊन तो स्वतःही जमावाच्या दगडांनी मरतो. त्याच्यामागे वाडा उरत नाही, वारस उरत नाही. मुंबईच्या घाशीरामाचे असे काही झाले नाही. त्याने नानांनाच पुरे पडून स्वतःचा वाडा बांधला.

हा फरक आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. नाटकातल्या नानांकडे पुन्हा पाहावे. इतिहासातील फडणिशी भानू घराण्याकडे वंशपरंपरेने होती. वडील जनार्दनपंत १७५६ साली वारले तेव्हा नाना पंधरा वर्षांचेही नव्हते आणि पद त्यांच्याकडे आले. ज्या पेशव्यांची ही फडणिशी, ते पदही १७२० पासून बापाकडून मुलाकडे जात आले होते. नानांची बुद्धी कुणी नाकारीत नाही. पण चूक करूनही जागेवर राहण्याची मुभा त्यांना बुद्धीने दिलेली नाही. ती घराण्याच्या दर्जाने आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या सत्तेने दिली आहे. घाशीरामाला ही मुभा नाही, म्हणून तो मरतो. नाटक ही गोष्ट जाणते. तिचा विषय मात्र करीत नाही. अरुण साधूंच्या 'सिंहासन'मध्येही हेच दिसते. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे विश्वासराव दाभाडे यांचा डाव साधूंनी पत्रकाराच्या अचूकपणे मांडला आहे. १९७९ सालच्या चित्रपटात अरुण सरनाईक आणि डॉ. श्रीराम लागू यांनी तो अजरामर केला. परंतु तो डाव एकाच पिढीतल्या खेळाडूंचा आहे. खुर्ची मुलाकडे जाईल काय, हा तेथे कथेचा प्रश्नच नाही. सत्तरच्या दशकातील मराठी लेखकाने नेता नीट पाहिला. नेत्याचे घर त्याला दिसले नाही.

त्या घराची हकीकत थोडक्यात अशी. लोकशाहीवर आपला विश्वास नाही, हे बाळासाहेब ठाकरे उघडपणे सांगत. स्वतः त्यांनी एकही निवडणूक लढविली नाही. १९७५ साली आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने त्यांच्यावर गंभीर ठपका ठेवला; १९९८ साली अहवाल विधिमंडळापुढे आला तो शिवसेना-भाजप सरकारच्याच काळात, आणि त्या सरकारने तो फेटाळला. १९८७ सालच्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला आणि १९९९ मध्ये त्यांचा मतदानाचा हक्क काढून घेण्यात आला. ज्याला मत देण्याची मनाई झाली, त्याच्या शब्दाने त्याच सुमारास राज्याचा मंत्री बसत होता आणि उठत होता. मग ३० जानेवारी २००३ रोजी महाबळेश्वरला उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. तो ठराव पुतणे राज ठाकरे यांनी मांडला, आणि त्यांनीच पुढे ९ मार्च २००६ रोजी वेगळा पक्ष काढला. जून २०२२ मध्ये मूळ पक्ष फुटला. पक्ष कुणाचा, हा प्रश्न आमदारांची डोकी मोजून निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बाजूने सोडविला. ज्यांनी शाखांच्या पायऱ्या झिजविल्या, डोकी फोडली आणि फोडून घेतली, त्या शिवसैनिकांचे मत त्यात कुठेच विचारले गेले नाही. भूमिपुत्रांसाठी निघालेला पक्ष अखेर कोणत्या पुत्राचा, एवढाच वाद राहिला. वेगळे झालेल्या शिंदे यांचे चिरंजीवही २०१४ पासून कल्याणचे खासदार आहेत, हे जाता जाता सांगावयास हवे.

लोकशाहीला या सगळ्याची किंमत काय पडली, याचा हिशेब बहुधा दंगलींतील मृतांनी करतात, आणि तो योग्यच आहे. तो करताना आणखी एक बाजू राहून जाते. माणसाला एकदा 'आपले' आणि 'परके' अशी मोजणी शिकविली की 'आपल्यां'मधला अधिकार कुणाचा, हे विचारण्याची सवय जाते. शत्रू दारात आहे म्हटल्यावर घरातल्या थोरल्याला हिशेब कोण विचारणार? फूट पाडणारा नेता आणि घराण्याचा हक्क हे दोन वेगळे रोग आहेत, असे आम्हांस पूर्वी वाटत असे. हल्ली वाटते की पहिला दुसऱ्यासाठी जमीन नांगरून ठेवतो.

येथे आपल्या वाचकांपैकी कुणी म्हणेल की मुंबईच्या भांडणाशी बोरगावचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याला जाचक आहे. आपल्या पुष्कळ घराण्यांत पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या बाजूला आल्याचे सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आपण जागेवरून हललो नाही, तरी त्या दिवशी परप्रांतातले मराठी झालो. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, त्यानंतर काही दिवसांनी आम्ही छिंदवाड्याहून छोट्या रेल्वेने परत येत होतो. समोरच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनी आमची मराठी ऐकली आणि अगदी सौम्यपणे विचारले की तुमच्या माणसांनी आमच्या पोरांना का मारले? 'ती आमची माणसे नव्हेत' असे उत्तर आमच्या ओठांवर आले, पण आम्ही ते दिले नाही. कारण एरवी मुंबईतला मराठीचा विजय आम्ही आमचाच मानीत आलो होतो. सौंसर आले, उतरलो.

दहा वर्षांनी तीच भाषा आमच्या दाराशी हिंदीतून आली. १७ डिसेंबर २०१८ रोजी कमलनाथ मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी म्हणाले की उत्तर प्रदेश-बिहारची माणसे येतात आणि इथल्यांना काम मिळत नाही. सत्तर टक्के नोकऱ्या स्थानिकांना देणाऱ्या उद्योगांनाच सवलती मिळतील. मागणी अन्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या मुलांना काम मिळावे, असे कोणत्या बापाला वाटत नाही? परंतु हे बोलणारे स्वतः कानपूरला जन्मलेले, कोलकात्यात शिकलेले आणि १९८० साली आपल्या मतदारसंघात बाहेरून आलेले. आपण त्यांना नऊ वेळा लोकसभेवर पाठविले आणि आपल्यापैकी कुणी त्यांना परका म्हटले नाही, याचा आम्हांस अभिमानच आहे.

त्यांच्याही घराची गोष्ट सांगितल्याशिवाय मुंबईच्या घराविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. ठाकरे यांच्याशी त्यांची तुलना आम्ही करीत नाही; रस्ते, कारखाने, रोजगार यांसाठी त्यांनी केलेले काम या परिसरात कुणालाही हात लावून पाहता येते. पण १९९६ साली हवाला प्रकरणामुळे त्यांना उमेदवारी मिळाली नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी अलकानाथ उभ्या राहिल्या आणि आपण त्यांना निवडून दिले. वर्षभरात त्यांनी जागा मोकळी केली. १९९७ सालच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी कमलनाथांना पाडून सुंदरलाल पटवांना निवडले, आणि १९९८ साली पुन्हा कमलनाथांना बोलावले. २०१९ मध्ये वडील विधानसभेला आणि पुत्र नकुलनाथ लोकसभेला एकाच दिवशी उभे होते, दोघेही जिंकले. २०२४ मध्ये नकुलनाथ एक लाखाहून अधिक मतांनी हरले. या दोन पराभवांना काही जण मतदाराची कृतघ्नता म्हणतात. आम्हांस मात्र १९९७ ही या मतदारसंघाच्या इतिहासातली फार चांगली तारीख वाटते, मग निवडून आलेला उमेदवार आपल्याला पसंत असो वा नसो.

आता नाटकाकडे वळू. 'घाशीराम'मधील सर्वांत मोठे पात्र नाना नाहीत, घाशीरामही नाही. ती रंगमंचावर उभी राहणारी ब्राह्मणांची रांग आहे. हीच रांग कधी भिंत होते, कधी वाडा, कधी पडदा. आत काही वाईट चालले असेल तर ती पाठ फिरविते आणि गाऊ लागते. अन्याय अंगावर आला की किंचाळते, आणि घाशीराम पडला की दगड मारायला पुढे होते. तीच माणसे, तेच गाणे. समीक्षेने या भिंतीचे कौतुक मुख्यतः लोकनाट्याचा नवा वापर म्हणून केले. आमच्या मते हे कौतुक अपुरे आहे. नेता कुणी घडविला, या प्रश्नाचे तेंडुलकरांचे अर्धे उत्तर नानांत आणि उरलेले अर्धे या भिंतीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते. नदीतल्या पळसावर निशाण, एका बाजूला पांढुर्णा, दुसऱ्या बाजूला सावरगाव. दरवर्षी शेकडो जखमी होतात. ती पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. तेथे दगड मारणाऱ्याचे समोरच्याशी वैर नसते. बहुतेकदा सोयरीकच असते. काठ ठरलेला असतो, एवढेच.

घाशीरामानंतरचा अंक मराठीत अजून कुणी लिहिलेला नाही. त्यात घाशीराम मरणार नाही. त्याचा मुलगा बापाइतका तापट नसेल, सभ्य असेल, छायाचित्रे काढील, आणि तरीही भिंत त्याच्यासाठी तेच गाणे गाईल. पुतण्या रागावून जाईल आणि वीस वर्षांनी परत येईल, जसे ५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या व्यासपीठावर दोन भाऊ एकत्र आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या प्रसंगी हिंदी सक्तीला झालेला विरोध आम्हांस मान्यच होता. तरी घरातल्या दूरदर्शन संचावर तो सोहळा पाहताना पहिल्या मिनिटाला आमचेही डोळे ओलावले होते, आणि ते भाषेसाठी ओलावले की घराण्यासाठी, हे त्या क्षणी आम्हांस सांगता आले नसते. असा अंक लिहिणाऱ्याला ही कबुली भिंतीच्या तोंडी घालावी लागेल.

मंडळाचे पुढील वाचन 'सिंहासन'चे आहे. त्या तरुणाला आम्ही दिगू टिपणीसची भूमिका वाचण्यास विचारले आहे. त्याने अद्याप होकार कळविलेला नाही.