निवड झेलली पाहिजे

आजचा विषय आहे आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. त्यातही एक नेमका प्रश्न: अशा गेमचा पुढचा भाग करताना, आधीच्या भागात खेळणाऱ्याने जी निवड केली तिचं काय करायचं? वैभववाडीत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण जिथे रात्र जागून दशावतार बघतात, तिथे हा प्रश्न नवा नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कोण जिंकणार ते ठरलेलं असतं, आणि जत्रेत पहाटे दहीकाला व्हायचा तो होतोच. तरी आपण जागतो, कारण संवाद तिथल्या तिथे जन्मतात. एका नटाने शब्द टाकला की समोरच्याला तो झेलावा लागतो. न ऐकल्यासारखं करून तो पुढे गेला, तर समोर बसलेल्या पोरालाही कळतं की गंमत गेली. म्हणजे काय, तर शेवट बदलत नाही, पण बोललेलं वाया जात नाही. गेममधल्या निवडीलाही आम्ही हीच कसोटी लावतो. शेवट किती आहेत ते मोजायचं नाही. आपलं करणं कुणी झेललं का, ते बघायचं.

आता उदाहरण घेऊ. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'द विचर 2' हा गेम 2011 साली आला. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नायक गेराल्टला ठरवावं लागतं, साथ कुणाची द्यायची: राजनिष्ठ रोशची, की बंडखोर आयोर्वेथची. त्यावरून दुसऱ्या प्रकरणात मुक्काम बदलतो, माणसं बदलतात, क्वेस्ट म्हणजे मोहिमा बदलतात. एकदा खेळून सगळं दिसतच नाही. एवढी मेहनत करून त्यातलं बरंच झाकून ठेवायचं, याला धाडस लागतं.

मग 2015 साली 'द विचर 3' आला. त्यात आधीच्या निवडी सांगायची मोठी गमतीदार सोय आहे. गेराल्टची दाढी चालू असताना एक अधिकारी त्याला जुन्या गोष्टी विचारतो, आणि आपण देऊ ती उत्तरं गेम धरून चालतो. लेथोला जिवंत सोडलं म्हणालात, तर तो पुढे भेटू शकतो. इथपर्यंत छान. पण आयोर्वेथ? तो या गेममध्ये भेटतच नाही. रोश मात्र आहे. ज्यांनी आयोर्वेथचा हात धरला, त्यांचा शब्द कुणी झेललाच नाही. गेम फार मोठा आहे, गाजलेला आहे, पण ही उणीव आम्हाला किरकोळ वाटत नाही.

बायोवेअरच्या 'मास इफेक्ट'मध्ये दुसरी अडचण दिसते. 2007 सालच्या पहिल्या भागात रॅकनाय राणीला मारायचं की सोडायचं, हे आपण ठरवतो. 2012 सालच्या तिसऱ्या भागात, मारली असली तरी तिच्या जागी दुसरी राणी उभी केलेली असते आणि मोहीम तीच राहते. पुढच्या परिणामात फरक पडतो, नाही असं नाही. पण त्या गुहेत शिरताना खेळणाऱ्याला वाटतंच, मग आपण तेव्हा एवढा विचार कशाला केला?

हे आळसामुळे होतं, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. प्रत्येक फाटा म्हणजे नवं लेखन, नवी चित्रं, नवे आवाज. दहा निवडींना दोन-दोनच वाटा ठेवल्या, तरी 1024 मिश्रणं होतात. ती सगळी पुढच्या भागात कोण सांभाळणार?

म्हणून आपल्याकडच्या छोट्या चमूंनी काय करावं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम 2020 साली आला. पळवून नेलेल्या भावाला शोधणारी बहीण, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, आणि वाट एकच. तो आरपीजी नाही, आणि एकच वाट असणं हा दोषही नाही. वाटा दाखवून त्या पुढे बुजवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

पण उद्या तुमच्यापैकी कुणी मराठी आरपीजी करायला घेतला, तर आमचं सांगणं एवढंच: पन्नास निवडी देऊ नका, तीन द्या. मात्र त्या तीन पुढच्या भागात एखाद्या माणसाच्या तोंडी, एखाद्या ओस पडलेल्या वाडीत, एखाद्या बंद दारात दिसू द्या. खेळणारा पैसे देतो, रात्री देतो. पण त्याहून मोठी गोष्ट तो देतो ती म्हणजे विश्वास, की आपण केलं ते धरलं जाईल. तो एकदा गेला, की पुढच्या वेळी 'मारू की सोडू' असं विचारलंत तरी तो न वाचताच बटण दाबतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.